ज्यावाचून अडणार नाही

अवधूतला कुणी जुगारी म्हटलेलं खपायचं नाही. त्याला अगदी मनापासून वाटायचं की आपण करतो तो जुगार नव्हेच. जुगार खेळतात ते अडाणी. शनिवारी बायको, मुलगी आणि आई यांना घेऊन तो क्लबात जेवायला जायचा, तेव्हा वाटेत ती पोकी मशिनं लागायची. बटण दाबा, चित्रं फिरवा, पैसे घालवा, असला प्रकार. समोर बसलेल्या म्हाताऱ्यांकडे तो अशा नजरेने बघायचा की जणू ते अंगठेबहाद्दर आणि हा वेदशास्त्रसंपन्न. आईला म्हणायचा, बघ, हे लोक पेन्शन घालवतात इथे. आईला वाईट वाटायचं. ती त्या म्हाताऱ्यांकडे बघून हसायची आणि तेही हसायचे.

अवधूत पॅरामाटाला एका विमा कंपनीत होता. त्याचं काम असं की कोणत्या वयाची, कुठली, कसली नोकरी करणारी माणसं साधारण किती वर्षं जगतील याचे आकडे काढायचे आणि त्यावरून हप्ता ठरवायचा. हे काम तो सतरा-अठरा वर्षं करत होता, आधी पुण्यात आणि मग इथे परदेशात. इतकी वर्षं एकच काम केलं की माणूस त्याच डोळ्यांनी जगाकडे बघायला लागतो. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कुणी नवा माणूस भेटला, पोट सुटलेलं दिसलं, सिगारेटचा वास आला, की अवधूतच्या डोक्यात आपोआप आकडा तयार व्हायचा. तो आकडा बोलून दाखवायचा नाही, एवढी त्याची सभ्यता.

सगळं सुरू झालं ते शंतनूकडे, ब्लॅकटाउनला, दिवाळीत. शंतनू त्याचा कॉलेजपासूनचा मित्र, आता ट्रकांची फ्लीट सांभाळायचा. त्याच्याकडे दर दिवाळीला पंजाबी, गुजराती, मराठी असा सगळा गोतावळा जमायचा आणि तीन पत्ती चालायची. अवधूत खेळायचा नाही. एका कोपऱ्यात प्लेट घेऊन बसायचा आणि खेळणाऱ्यांना अक्कल शिकवायचा. त्या वर्षी त्याने ब्लॅकजॅकवर प्रवचन दिलं. साऱ्या पत्त्यांच्या खेळांत हा एकच खेळ असा आहे म्हणाला, की जिथे प्रत्येक वेळी काय करायचं याचं बरोबर उत्तर असतं. तुमच्या पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण वर जाऊ द्यायची नाही. तुमचे सोळा झालेत आणि वाटणाऱ्यासमोर दहा दिसतंय, तर अजून एक पत्ता मागायचा. भीती वाटली तरी मागायचा. वाटणाऱ्यासमोर सहा असेल तर गप्प बसायचं. असा एक तक्ता असतो, तो पाठ करायचा आणि मन बाजूला ठेवायचं. तक्त्याप्रमाणे खेळलं तर क्लब तुमच्याकडून शंभराला जेमतेम अर्धा डॉलर काढतो. मशिनं दहा काढतात.

"एवढा शहाणा आहेस तर खेळून दाखव ना, मेट," शंतनू म्हणाला. सगळे हसले.

आपल्या माणसाला दारिद्र्य सोसतं, अपमानही एखाद्‌वेळेस सोसतो, पण आपली हुशारी कुणी हसण्यावारी नेली तर ते काही सोसत नाही. अवधूतने त्याच आठवड्यात फोनवर एक ऑनलाइन कॅसिनो शोधून काढला. तो कुठल्याशा बेटावर नोंदवलेला होता. इथल्या कायद्याने असल्या साइटींना परवानगी नाही, हेही त्याने वाचलं. पण कायदा साइटवाल्यांना पकडतो, खेळणाऱ्याला नाही, असंही वाचलं आणि त्याचं समाधान झालं.

सुरुवातीला तो ट्रेनमध्ये खेळायचा. टूनगॅबीच्या घरापासून पॅरामाटाच्या ऑफिसपर्यंत अंतर ते काय, पण तेवढ्यात बरेच डाव व्हायचे. तक्त्याबाहेर एकदाही गेला नाही. जिंकला की हुरळायचा नाही, हरला की चिडायचा नाही. थोडे वर, थोडे खाली, असं चालायचं. शंतनूला तो स्क्रीनचे फोटो पाठवायचा. शंतनू अंगठा पाठवायचा.

मग त्याने भांडवल कसं सांभाळायचं यावर वाचायला सुरुवात केली, आणि इथे घात झाला. कारण जे वाचलं ते खरंच होतं. वाईट पत्त्यांची ओळ प्रत्येकाला लागते. भांडवल लहान असेल तर ती ओळ संपायच्या आत आपण संपतो. भांडवल मोठं असेल तर फटका पचतो. म्हणून एका डावाला भांडवलाचा शंभरावा हिस्सा, त्याहून जास्त नाही. आणि या सगळ्याच्या आधीचा पहिला नियम, प्रत्येक ठिकाणी ठळक अक्षरात लिहिलेला: ज्या पैशांवाचून आपलं अडणार नाही, तेवढेच पैसे खेळात आणायचे.

अवधूत नियम पाळणारा माणूस. त्याने घरातल्या पैशांवर एकेक करून नजर टाकली. घराच्या कर्जाच्या खात्यातले नकोत, त्यावाचून अडेल. शिवाय ते बायको, चारुता, बघते. मुलीच्या, रुचाच्या, शिक्षणाचे तर नकोतच. आणीबाणीसाठी ठेवलेले नकोत, आणीबाणी काय सांगून येते? मग राहिले आईच्या व्हिसाचे.

त्याची आई, मीनाक्षीबाई, सांगलीला टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. नवरा गेल्यावर ती दर वर्षी व्हिजिटर व्हिसावर इथे यायची, मुदत संपली की परत जायची, पुन्हा यायची. शेवटी अवधूतनेच तिचा कायमच्या व्हिसाचा अर्ज भरला. आईबापांना इथे कायमचं आणायचं तर सरकार दोन हप्त्यांत पैसे घेतं. पहिला लहान, अर्जासोबत. दुसरा चांगला दणदणीत, अगदी शेवटी, नंबर आला की. त्या दुसऱ्या हप्त्यासाठी मीनाक्षीबाईंनी सांगलीचा विश्रामबागेतला फ्लॅट विकला. पितळेची भांडी कामवालीला दिली, पुस्तकं वाचनालयाला दिली आणि पैसे मुलाच्या हवाली केले. मुलगा म्हणाला, वेगळ्या खात्यात ठेवतो, हात लावणार नाही. तोवर आयुष्यात त्याने आईला दिलेला शब्द मोडला नव्हता, तेव्हा तिने तरी का विचारावं?

आणि इथे तिचं बस्तान छान बसलं होतं, हे सांगायलाच हवं. मागच्या अंगणात मेथी आणि अळू लावलं होतं. लायब्ररीतल्या म्हाताऱ्यांच्या गटात तिला एक लेबनीज आणि एक आयरिश मैत्रीण मिळाली होती. तिघींना एकमेकींचं निम्मं बोलणं कळायचं नाही आणि त्यांचं काही बिघडायचं नाही. रुचा शाळेतून आली की आजीच्या खोलीत जाऊन पसरायची, इंग्रजीत बोलायची, आजी मराठीत उत्तरं द्यायची. चारुताशी तर तिचं मुलापेक्षा जास्त जमायचं. आता मी इथलीच, असं ती फोनवर मिरजेच्या बहिणीला सांगायची. तिला या वयात एवढंच हवं होतं, की पुन्हा बॅग भरायला लागू नये.

अवधूतने सरकारची वेबसाइट उघडली. तिथे लिहिलं होतं की या व्हिसाला साधारण चौदा-पंधरा वर्षं लागतील. त्याने आईचं वय घेतलं, त्यात ती वर्षं मिळवली. आईला रक्तदाब होता, एकदा अँजिओप्लास्टी झालेली. मग ऑफिसात जे इतरांसाठी करायचा ते त्याने आईसाठी केलं. मुद्दाम नाही केलं, हात सवयीने गेला असं म्हणू. उत्तर आलं ते स्वच्छ होतं. नंबर येईपर्यंत आई असण्याची शक्यता फारच थोडी. म्हणजे त्या पैशांची गरज पडण्याची शक्यता फारच थोडी. म्हणजे हेच ते पैसे, ज्यांवाचून अडणार नाही.

त्याला या उत्तराने थोडंसं कसंसं झालं, पण ते भावनेचं होतं, आणि भावना बाजूला ठेवणं हा तर सगळ्या पद्धतीचा पायाच होता. शिवाय तो काही ते पैसे उडवणार नव्हता. वाढवून ठेवणार होता.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. वेबसाइटवरची ती चौदा-पंधरा वर्षं होती आज अर्ज करणाऱ्यांसाठी. आईचा अर्ज तर त्याने कितीतरी आधी केलेला, गर्दी उसळायच्या आधी. ते त्याच पानावर खाली, वेगळ्या ओळीत, स्पष्ट लिहिलं होतं. ज्याची अख्खी नोकरी तक्ते वाचण्याची, त्याने आपल्या आईची ओळ चुकीची वाचली. बहुतेक त्याला हवं असलेलं उत्तर वरच्याच ओळीत मिळालं, म्हणून खाली बघायची गरज वाटली नसावी.

खेळ मात्र त्याने शिस्तीत केला. शंभरावा हिस्सा, तक्ता, ठरलेल्या तोट्याला थांबणं, सगळं. समोर व्हिडिओवर लाल लिपस्टिकवाली एक मुलगी कुठल्याशा परक्या देशातून पत्ते वाटायची आणि त्याला गुड लक म्हणायची. त्याला तिचा राग यायचा. लकचा काय संबंध? बरेच महिने पैसे वरखाली झाले, पण एकंदरीत खालीच सरकत गेले. तो अर्धा टक्का, ज्याला तो हसायचा, तो भांडवलावर नसतो, प्रत्येक डावावर असतो. हजार डाव खेळा, तो हजार वेळा आपला वाटा उचलतो. हे अवधूतला माहीत नव्हतं असं नाही. त्याने दुसऱ्या कुणाला ते पाच मिनिटांत समजावून दिलं असतं.

मग साइटने त्याला बोनस देऊ केला. जेवढे भराल तेवढेच आमच्याकडून. फुकट ते पौष्टिक, हे पुण्यात शिकलेलं बाहेर गेल्यावरही विसरत नाही. त्याने उरलेले सगळे भरले. स्क्रीनवर आकडा दुप्पट झाला, आईच्या हप्त्याहून थोडा जास्तच दिसायला लागला, आणि शहाण्यासारखं तिथेच थांबून त्याने पैसे परत मागितले. साइटने नम्रपणे कळवलं की बोनस घेतल्यावर रक्कम चाळीस वेळा खेळवल्याशिवाय काढता येत नाही, आणि त्यात ब्लॅकजॅकचे डाव फक्त दहा टक्के धरले जातात. म्हणजे झाले चारशे वेळा. तो तक्त्याप्रमाणे खेळत राहिला. एकही चूक केली नाही. चारशे वेळा अर्धा टक्का म्हणजे किती होतं, हे शाळेतल्या पोरालाही करता येईल. शेवटचे डॉलर गेले ते त्याने सोळावर बरोबर पत्ता मागितला तेव्हा.

त्याने चारुताला सांगितलं नाही. अजून तेरा-चौदा वर्षं आहेत, हळूहळू भरून टाकू, असं ठरवलं. आणि खरं सांगायचं तर भरावेच लागणार नाहीत, हेही कुठेतरी आत होतंच.

इमिग्रेशनचं ईमेल आलं तेव्हा तो ऑफिसात होता. मीनाक्षीबाईंचा अर्ज शेवटच्या टप्प्यावर आला होता. वैद्यकीय तपासणी करून घ्या, दुसरा हप्ता कळवलेल्या मुदतीत भरा. न भरल्यास अर्ज नामंजूर. अवधूतची पाचावर धारण बसली. आई कायमची घरात राहणार ही बातमी वाचून मुलाला घाम फुटावा, असं फार थोड्या घरांत होत असेल.

वैद्यकीय तपासणी झाली. डॉक्टरने मीनाक्षीबाईंना सांगितलं की तुमचं हृदय तुमच्या वयाच्या मानाने उत्तम आहे. घरी येऊन तिने ते सगळ्यांना दोनदा सांगितलं आणि संध्याकाळी शिरा केला. अवधूतने तो खाल्ला.

त्याने धडपड केली. श्रीनिवास नावाचा एक कर्जाचा दलाल होता, त्याच्याकडे घरावर वाढीव कर्ज मागितलं. बँकेने मागच्या वर्षाचे व्यवहार मागवले आणि बघितले. श्रीनिवासने फोनवर हिंदीत, आवाज खाली आणून विचारलं की भाई, ये सब क्या है, आणि मग म्हणाला की आता सहा महिने तरी कुठलीच बँक तुला दारात उभं करणार नाही. शंतनूकडे गेला. शंतनूने सगळं ऐकलं, हसला नाही, आणि जमेल तेवढे देतो म्हणाला. ते चौथा हिस्साही नव्हते. सरकारकडे मुदत वाढवून मागितली, थोडी मिळाली, तीही सरत आली. शेवटी चारुताला सांगावंच लागलं.

चारुता एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती; दिवसभर लोकांची रडगाणी शांतपणे ऐकायची सवय होती तिला. तिने त्याचंही ऐकलं. मग कपाटातली सोन्याची पेटी काढून पलंगावर ठेवली.

"हे विकून आणि शंतनूचे घेऊन होईल," ती म्हणाली. "पण आधी तू आईंना सांगायचंस. मी नाही सांगणार. आणि रुचा शाळेत असताना सांग."

मंगळवारी दुपारी त्याने सांगितलं. मीनाक्षीबाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मेथी निवडत होत्या. चारुता ओट्याला टेकून उभी होती. अवधूतने सुरुवात केली ती ब्लॅकजॅकपासून. टक्के, तक्ता, भांडवल, बोनस, वेबसाइट. त्याला वाटत होतं की पद्धत नीट समजावून दिली तर आईला निदान एवढं तरी कळेल की आपला मुलगा बेजबाबदार नव्हता. मीनाक्षीबाई निवडायच्या थांबल्या. पैसे गेले हे त्यांना पहिल्या दोन वाक्यांतच कळलं होतं.

त्याचं संपल्यावर त्या म्हणाल्या, "हरलास ते समजलं. माणूस हरतो. पण माझेच पैसे का घेतलेस? तुझे होते की."

"आई, त्यात नियमच असतो तसा. ज्या पैशांवाचून अडणार नाही, तेच घ्यायचे."

"माझ्यावाचून अडणार नव्हतं?"

"तुझ्यावाचून नाही गं. त्या पैशांवाचून. म्हणजे, नंबर यायला पंधरा वर्षं लागतील असं वाटलं होतं मला. आणि तोवर..."

चारुताने मान फिरवली. इथपर्यंत त्याने तिलाही सांगितलं नव्हतं.

मीनाक्षीबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. मुलगा काय काम करतो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. शेजारणींना त्यांनी कौतुकाने कितीदा सांगितलं होतं, की माणसाचं आयुष्य किती ते आमचा अवधूत काढतो.

"किती धरलं होतंस?" त्यांनी विचारलं.

एखादा माणूस इथे गप्प बसला असता. एखादा पाया पडला असता, रडला असता, काहीही केलं असतं. पण आकडा विचारल्यावर आकडा न सांगणं अवधूतला कधी जमलंच नव्हतं.

"ब्याऐंशी," तो म्हणाला.

मीनाक्षीबाई पंचाहत्तरच्या होत्या. त्यांनी मान हलवली, जशी दुकानदाराने भाव सांगितल्यावर हलवतात. मेथीच्या काड्या कागदात गुंडाळल्या, कचऱ्याच्या डब्यात टाकल्या, हात धुतले.

"चारुता, ती पेटी आत ठेव," त्या म्हणाल्या. "ते रुचाचं आहे. माझं तिकीट काढ. मी मिरजेला जाते."

चारुता रडायला लागली. आई, असं नका करू म्हणाली, मी भरते ना, माझ्यासाठी राहा, रुचासाठी राहा. मीनाक्षीबाईंनी तिला जवळ घेतलं. तुझ्यावर राग नाही म्हणाल्या. पण ज्या घरात माझे दिवस मोजून झालेत, त्या घरात मला रोज सकाळी उठायला नको. तू मला अजून कशी आहे म्हणून बघणार नाहीस, हा बघेल. जेवताना बघेल, औषध घेताना बघेल. मला ते सोसायचं नाही.

अवधूत तिकीट मी काढतो म्हणाला. तू नको, असं त्या म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात.

हप्ता भरला गेला नाही, अर्ज नामंजूर झाला. विमानतळावर रुचा आजीला सोडेना. "व्हाय कान्ट शी जस्ट स्टे?" असं तिने बापाला सगळ्यांदेखत विचारलं आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. परतताना चारुताने गाडी चालवली.

अवधूत खिडकीतून बाहेर बघत बसला होता. एक गोष्ट त्याच्या मनात राहून राहून येत होती, आणि ती बोलायला आता घरात कुणी उरलं नव्हतं. आईला त्याने ब्याऐंशी सांगितलं होतं. काढलं तेव्हा उत्तर एकोणऐंशी आलं होतं. तीन वर्षं त्याने त्या टेबलावर बसल्या बसल्या वाढवली होती, तिला वाईट वाटू नये म्हणून.